मुक्या नाटकाची निवेदिका

परत आल्यापासून जो तो विचारतो, "आजी, खानदेशात काय पाहिलंत?" लोकांना केळीच्या बागा, तापीचा काठ आणि वांग्याचं भरीत ऐकायचं असतं. ते सगळं आहे, सांगते. पण मी पाहिलं ते युद्ध, आणि तेही एकही शब्द न बोलता. त्यावर जे बोलले त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. गरम आहे तोवर लिहून टाकते.

माझी नात सई मूकाभिनय करते. चार जणांचा चमू, काळे कपडे, पांढरे रंगवलेले चेहरे आणि सामान म्हणून एक मोठी सुती चादर. तीच चादर भिंत होते, धूर होते, शेवटी पोर होते. सुरुवातीला एक आई, म्हणजे सईच, पोराच्या सदऱ्याची बटणं लावते. पोर हुंदडतं, बटणं चुकतात, ती पुन्हा लावते. मग युद्ध येतं. शेवटी ती ढिगारा उपसते, पोर सापडतं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून बटणं लावत बसते. एवढंच नाटक. युद्ध कुठलं, सैनिक कोणाचे, पोर कोणत्या बाजूचं, काही कळत नाही. सईने ते मुद्दामच कळू दिलेलं नाही.

आता मी या मुक्या मंडळींत कशी, तर माझी नेमणूक सामान राखायला. खरं सांगायचं तर भरताच्या लोभाने मीच मागे लागले. वास्तविक शाळेत असताना मीही युद्धाचं नाटक केलं होतं. लढाई चालू होती, आमच्या साताऱ्यात उत्साहाला भरती आलेली, आणि नववीतल्या मला मिळालं वीरमातेचं काम. केसांना पीठ, पाठीला पोक आणि तोंडी लांबलचक भाषण. एक मुलगा गेला, दुसरा गेला, "आणखी असते तर तेही हसत हसत दिले असते!" ही माझी टाळीची जागा. मूल म्हणजे काय याचा पत्ता नव्हता, पण देऊन टाकायला बाई एका पायावर तयार! शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवल्याबद्दल स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून आहे. त्यात मी हिंग ठेवते. योग्य जागा आहे.

जळगाव

जळगावात उतरलो तर थंडी अशी की साताऱ्याची आठवण यावी. फक्त ऊन वर आलं की ती पळते. पहिला प्रयोग एका महाविद्यालयात होता. सैनिक आला तशा पोरांनी शिट्ट्या मारल्या. वैभव, म्हणजे सैनिकाचं काम करणारा मुलगा, नुसता हाताने बंदूक धरतो, पण अशी धरतो की तिचं वजन दिसतं. मग चादर कोसळली आणि शिट्ट्या एकेक करून बंद झाल्या. ढिगाऱ्याच्या प्रसंगाला तर पंख्याची कुरकुर तेवढी राहिली.

संपल्यावर एक प्राध्यापक पुढे आले. मोठ्या आदराने म्हणाले, "उत्तम. पण मॅडम, ही आई आपली की त्यांची?"

सई म्हणाली, "आई आहे सर."

"ते झालंच. पण प्रेक्षकाला काही दिशा द्यायला हवी ना?"

मी मध्येच म्हटलं, "दिशा? ढिगाऱ्याखाली एकच दिशा असते हो. खाली."

सईने माझ्या पायावर पाय दिला. मला बोलायची सवय आहे आणि तिला ती मोडायची.

पण जेवण! शेतात काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडजीत, म्हणजे होडीसारख्या भांड्यात, ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि सोबत उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी. आमच्याकडे भरीत हे तोंडीलावणं. इथे ते जेवण असतं आणि बाकी सगळं तोंडीलावणं. वाढणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "पुरे." त्या म्हणाल्या, "पुरे काय माय, आता तं सुरू झालं." वैभव तीन भाकऱ्यांवर थांबला. मी किती खाल्ल्या ते सांगणार नाही.

दीपनगर

भुसावळच्या पुढे वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. वसाहत नीटनेटकी. झाडांच्या पानांवर मात्र बारीक राखेचा थर. मी एक पान पुसून पाहिलं, तर खालून पोपटी रंग निघाला.

इथे नाटकाच्या मध्यावर, आई पोराला पोटाशी धरते नेमक्या त्या क्षणी, केंद्राचा भोंगा वाजला. रोजचाच भोंगा. वसाहतीतल्या एकानेही मान वळवली नाही. पण सई खरीच दचकली, आणि तिला पाहून पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या. आपल्या रोजच्या भोंग्याला त्या दिवशी त्या पहिल्यांदा घाबरल्या असतील.

नंतर चहाच्या वेळी एक तरुण आई कौतुकाने सांगत होती, "मागे इथे युद्धाचा सराव झाला ना, दिवे बंद, भोंगे, मुलं टेबलाखाली! इतकी मज्जा आली त्यांना! पुन्हा कधी आहे म्हणून विचारतात."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. मुलांना मजा येणारच. मलाही आली होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवायला मी सगळ्यात पुढे होते, खळ खाऊन पोटही दुखवून घेतलं होतं. राग आला तो त्या शाळकरी पोरांना पुन्हा पुन्हा टेबलाखाली बसवण्याची वेळ आणणाऱ्यांचा. माझं आयुष्य सरत आलं, आणि टेबलं अजून तीच.

भडगाव

गिरणेकाठचं हे गाव. नदीत पाणी कमी, वाळू जास्त, पण दोन्हीकडची शेतं हिरवी. संयोजकांनी आम्हाला न सांगता एक निवेदक ठेवला होता. भरदार आवाज, कडक इस्त्रीचं जाकीट. लग्न, सत्कार, कुस्त्या, सगळीकडे त्यालाच बोलावतात. सई म्हणाली, "दादा, आमचं नाटक मुकं आहे." तो म्हणाला, "म्हणूनच तर मला बोलावलंय ताई! मुक्याला वाचा द्यायचं आपलं काम."

सुरुवातीला ओळख करून देऊन थांबेल असं वाटलं. पण छे. सैनिक आला, "पाहा, आपला शूर जवान!" गोळी सुटली, "शत्रूच्या छातीत धडकी!" वैभवला कळेना की आता आपण कोण. आणि शेवटी सईने ढिगाऱ्यातून पोर काढलं, पहिल्या बटणाला हात घातला, तशी माइकमधून गर्जना झाली, "आणि ही आपली वीरमाता! एक पुत्र दिला, आणखी असते तर तेही हसत हसत दिले असते!"

माझंच वाक्य! शब्द न् शब्द! इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता की धुतलं नव्हतं. जसंच्या तसं माझ्यासमोर उभं. पुढची ओळ काय येणार तीही मला पाठ होती, आणि तीच आली. टाळ्याही तिथेच पडल्या. सई मान खाली घालून बटणं लावत होती आणि लोक तिच्या डोक्यावर टाळ्या वाजवत होते.

मी उठले. माइकची वायर जिथे गेली होती तिथे गेले आणि दोन्ही हातांनी ओढून काढली. फाडकन सगळा मांडव अंधारात गेला. माइक मात्र चालूच. मी दिव्यांची वायर ओढली होती. त्या अंधारात निवेदक खणखणीत आवाजात म्हणाला, "घाबरू नका, हाही नाटकाचाच भाग आहे!"

नंतर त्याने मला विचारलं, "आजी, माझं काय चुकलं? लोकांना आवडलं ना?" बिचारा मनापासून विचारत होता. मी म्हटलं, "बाळा, तू ते पोर देऊन टाकलंस. ते तुझं होतं का?"

त्याने माइक खाली ठेवला. एवढं एक बरं झालं.

धुळे

धुळ्यात एक दिवस सुट्टी होती. खाणावळीत शेवभाजीचा रस्सा असा आला की पहिल्या घासाला चौघे मुके कलाकार एकदम बोलके झाले. आमच्या तिखटाला नारळाचा, खोबऱ्याचा आधार असतो. हे तिखट सरळ येतं आणि सरळ डोक्यात जातं. त्यातच दोंडाईच्याहून फोन आला.

दोंडाईच्याचे संयोजक म्हणजे नाना. तिथले व्यापारी, सगळ्या कार्यक्रमांना हात देणारे, बोलायला गोड. ते म्हणाले, "भडगावचं कळलं. ताई, आपल्याकडे निवेदन असलंच पाहिजे. लोक विचारतील पोर कोणत्या बाजूचं, मी काय सांगू? कोणी उभं राहून आरडाओरडा केला तर? निवेदन नसेल तर कार्यक्रम आपण नको करूया."

सईने फोन ठेवला. वैभव रस्सा ओरपत म्हणाला, "एक पट्टी बांधू ना दंडाला. आपल्या झेंड्याची. काय बिघडतं? नाटक तेच राहील."

"नाही राहणार," सई म्हणाली. "पट्टी बांधली की समोरचे ठरवणार, याच्यासाठी रडायचं की नाही. मला तेवढंच नकोय, वैभव. तेवढ्यासाठीच शब्द काढलेत मी."

"मग घरी जाऊ."

"जाऊ. आणि नाटकच बंद करू. प्रत्येक गावात हेच होणार असेल तर मला ते पोर रोज रोज कोणाच्या हवाली करायचं नाही."

तिने ताट सरकवलं. मी तिला लहानपणापासून ओळखते. ताट सरकवलं की ती जे बोलते ते करते.

मी म्हटलं, "नानांना फोन लाव. निवेदन मी करीन."

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. सई म्हणाली, "तू? आजी, तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस. आणि वीरमातेचं भाषण तुला झोपेतही येतं."

"येतं ना. त्याला बक्षीस आहे."

नाना खूश झाले. सातारा म्हणजे सैनिकांचा जिल्हा, तिथल्या आजी स्वतः बोलणार! सईने मला विचारलं, "काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, "स्टेजवर कळेल." तिला वाटलं मी फितूर झाले. सांगितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, आणि नाना व्यापारी माणूस, चेहरा वाचतात. धुळ्याहून दोंडाईच्यापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रंग न लावता तिने केलेला सगळ्यात उत्तम मूकाभिनय तोच.

दोंडाईचा

गावात शिरताच सगळ्यांना शिंका सुरू झाल्या. मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत पसरलेली, वाऱ्याला तिचा ठसका. वैभव म्हणाला, "मेलेल्या सैनिकाला शिंक आली तर?" कोणी हसलं नाही.

नानांनी राहायची सोय चांगली केली होती. चहा, गुळाच्या दशम्या, सगळं प्रेमाने. पण प्रेमाने वाढता वाढता ते मला समजावतही होते. "मावशी, दोनच वाक्यं घ्या, पण ठासून. पोर आपलं आहे, आणि ज्यांनी मारलं ते राक्षस. एवढं आलं की लोक बरोबर रडतात."

"आणि पोर त्यांचं असलं तर?"

"तर मग नाटक कशाला करायचं?" नाना हसत म्हणाले. त्यांना ते अगदी साधं वाटत होतं. मी गुळाची दशमी खाली ठेवली. मला गोड पदार्थ खाली ठेवताना घरात कोणी पाहिलेलं नाही.

दिवेलागणीला मैदान भरलं. सतरंज्यांवर पुढे बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष. नानांनी माझी ओळख करून दिली, शाल दिली, स्टेजच्या कडेला खुर्ची दिली आणि हातात माइक दिला. सई चादरीमागून माझ्याकडे बघत होती. तिची नजर मी विसरणार नाही.

मी म्हटलं, "नमस्कार मंडळी. आता निवेदन सुरू होतंय."

आणि माइकचं बटण बंद केलं. माइक मांडीवर ठेवला, त्यावर शाल घातली आणि हाताची घडी घालून बसले.

नाटक सुरू झालं. मागून कोणी ओरडलं, "आजी, आवाज येत नही!" मी मान हलवली, जणू हो, येतच नाही. नाना विंगेतून हात करू लागले, बोला, बोला. मीही हात केला, बसा, बसा. अजून कोणी "माइक, माइक" करायला लागलं, तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या बाईने मागे न बघताच सुनावलं, "गप बस ना भो! पाहू दे!" आणि ते गप्प झाले.

न बोलणं सोपं वाटतं, पण नव्हतं. ढिगाऱ्याचा प्रसंग आला आणि माझ्या तोंडात वाक्यं चुळबुळायला लागली. एकेक वाक्य नानांच्या, त्या निवेदकाच्या, त्या प्राध्यापकाच्या अंगावर टाकायचं होतं. दातांखाली पदर धरून बसले.

सईने पोर काढलं. मांडीवर घेतलं. पहिलं बटण. दुसरं. त्या म्हाताऱ्या बाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात असं पुढे कळलं, हळूच सरकत स्टेजपाशी आल्या आणि मला विचारलं,

"पोर्‍यानं नाव काय शे वं माय?"

बाजू नाही विचारली. नाव विचारलं. आणि मी निवेदिका, मला ते माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वाक्य नव्हतं. मी नुसती मान हलवली.

अक्का सरकत परत आपल्या जागेवर गेल्या. तिथे पदर तोंडावर ओढला, शेजारणीच्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावला, "मना राजा रे... कसा गया रे..."

आमच्या पेठेत मयताच्या घरी दबक्या आवाजात बोलतात, डोळे टिपतात, किती वाजता नेणार विचारतात. इथे बायका दारात येतात त्याच हेल काढत, गळ्यात पडून, गेलेल्याला हाका मारून रडतात. रडणं हे आलेल्या माणसाचं काम असतं, आणि ते काम नीट करतात. एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या दहा. सगळी सतरंजी रडायला लागली. मागच्या खुर्च्यांवरून एकही "कोणत्या बाजूचं" आलं नाही. नानांचा मला खुणावणारा हात कधी खाली आला ते मी पाहिलं नाही.

नाटकात पुढे सई उठते आणि चादरीची घडी घालते. ती उठली नाही. म्हाताऱ्या बायका रडत असताना आपण उठायचं नसतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बटणं लावून झाली तरी ती तिथेच बसून राहिली, बायकांचा सूर आपोआप खाली येईपर्यंत.

नंतर नाना म्हणाले, "छान झालं मावशी. पण लोकांना कळलं नाही हो कोणाची बाजू."

मी त्यांचा माइक त्यांच्या हातात दिला. शालही. शाल बरी होती, पण दिली.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो तर दारात अक्का आणि तिघी बायका. कापडात बांधलेल्या भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा ठेचा. अक्का सरळ सईसमोर बसल्या आणि भाकरी मोडून तिच्या हातात दिली.

"खाई ले बेटा. ज्याना घर मयत व्हस, त्याना घर चूल पेटत नही. शेजारनी भाकर खावानी ऱ्हास."

सई गोंधळली. "अक्का, अहो, ते नाटक होतं. माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

अक्का तिच्याकडे बघून हसल्या, अडाण्याकडे बघून हसावं तसं. "नाटक शे ते आमले बठ्ठं समजस. पन कोठे तरी कोना तरी पोर्‍या गया ना? त्याले कोन रडी?"

सईने भाकरी घेतली. हळूहळू खाल्ली. मग वैभवने हात पुढे केला, मग बाकीच्यांनी. मी शेवटी. ठेचा इतका तिखट होता की कोणाच्या डोळ्यांत पाणी कशामुळे, ते विचारायची गरज पडली नाही. निघताना सई मला म्हणाली, "पुढच्या गावांनाही निवेदन तूच करायचं." म्हणजे नाटक बंद होणार नव्हतं, आणि ती माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "करीन. पाठांतर झालंय."

सातारा

परवा टीव्ही लावला. पडद्यावर कडक इस्त्रीचा कोट घातलेला एक जण ओरडत होता, आपले किती, त्यांचे किती, कोणी कोणाला धडा शिकवला. त्याच्या मागे छोट्या चौकटीत एक बाई ढिगाऱ्यात बसलेली. मी आवाज बंद केला. तेव्हा ती नीट दिसली. मांडीवर काहीतरी होतं आणि तिचे हात हलत होते. काय करत होती ते कळायच्या आत जाहिरात आली. साबणाची.

मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसला हात लावला आणि काढून घेतला. मग शेजारच्या शिंदेवहिनींच्या दारात जाऊन भाकरी मागितली.

"काय हो, गॅस संपला का?"

"नाही. मयत झालंय."

त्यांच्या हातातली परात खाली आली. "अगंबाई! कोण गेलं?"

मी म्हटलं, "नाव सांगितलं नाही त्यांनी."